क्रौंचांपुढे बोलायचं नाही

शिवणाच्या दुकानाला दोन दिवस कुलूप लावायचं म्हणजे मास्तरांच्या अगदी जिवावर आलं होतं. कोट बाह्यांविना टांगलेले, इस्त्रीचा ढीग तसाच, आणि गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलणार नाहीत पण पाठीमागे दात-ओठ खाणार. एवढं सगळं सोडून निघायचं कशासाठी, तर पाखरं बघायला! ज्या माणसाला कावळ्या-चिमणीपलीकडे तिसरं पाखरू ओळखू येत नाही, त्याच्या गळ्यात दुर्बीण. शेजारचा घड्याळवाला म्हणालाच, "काय मास्तर, या वयात हनिमून?" मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने मान पुन्हा घड्याळात घातली.

पण बायकोने मागितलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने तोंड उघडून कधी काही मागितलं नव्हतं.

"थंडी सरली की क्रौंच परत निघतात," ती म्हणाली होती. "वाटेत त्या तळ्यावर उतरतात. एकदा जाऊ या ना. माझं एखादं असेल त्यांच्यात."

माझं म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिची नोकरी क्रौंचांची पिल्लं वाढवायच्या केंद्रात होती. अंड्यातून आलेल्या पिल्लाने माणसाचं तोंड पाहिलं, माणसाचा आवाज ऐकला, की ते माणसालाच आपलं समजतं आणि पुढे थव्याबरोबर जात नाही. म्हणून तिथे काम करणाऱ्यांनी डोक्यापासून घोट्यापर्यंत करडा झगा घालायचा, तोंडावर जाळी, उजव्या हातात क्रौंचाचं खोटं डोकं, चोचीसकट. त्या चोचीने पिल्लांना दाणे टिपायला शिकवायचं. आणि झगा अंगात असेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. क्रौंचांपुढे बोलायचं नाही, हा तिथला कायदा.

ते झगे शिवले होते मास्तरांनी. त्या कामातच दोघांची गाठ पडली. "मापं घेऊ नका," ती तेव्हा म्हणाली होती, "आत बाई आहे की बाप्या, हेसुद्धा कळता कामा नये." मास्तरांनी अगदी तसेच शिवले, आणि लग्नानंतर आपल्याच कारागिरीला जन्मभर शिव्या घातल्या. कारण कुंपणाबाहेर उभं राहून आत पाहिलं तर सगळे झगे सारखे! त्यातली आपली बायको कुठली, आणि तिच्या शेजारून एवढा चिकटून चाललाय तो कोण, काही म्हणता काही कळायचं नाही.

संशय हे मास्तरांचं जुनं दुखणं. माणूस वाईट नव्हता हो. दारूला कधी शिवले नाहीत, बायकोवर हात उगारला नाही, तिचे कपडे स्वतः शिवायचे. पण ती उशिरा आली तर का, लवकर आली तर का, गप्प बसली तर कुणाच्या आठवणीत, आणि हसली तर मग विचारूच नका. सुतावरून स्वर्ग गाठायचा, आणि यांच्या घरात सुताला काय तोटा! केंद्रातल्या जनावरांच्या डॉक्टरला तर ते पाण्यात पाहायचे. का, तर एकदा त्याने तिला पावसात छत्री दिली होती.

गेल्या वर्षी केंद्र बंद पडलं. डॉक्टर कुठेसा लांब गेला, आणि ही घरी बसून अबोल झाली. मास्तरांनी लगेच जुळवलं, डॉक्टर गेला म्हणून अबोल झाली. पिल्लं गेली म्हणून झाली असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. मनातून त्यांना एकच भीती होती, आणि ती त्यांनी कधी कुणापुढे बोलून दाखवली नव्हती: ही बाई एक दिवस मला सोडून जाणार.

पिशवी भरताना तळाशी करडं कापड दिसलं.

"हा झगा कशाला?"

"माझं पाखरू भेटलं तर याला ओळखेल," ती म्हणाली. "माझं तोंड कुठे पाहिलंय त्याने?"

उत्तर अगदी चोख होतं. इतकं चोख, की मास्तरांच्या मनात पाल चुकचुकलीच.

तळ्याकाठी उतरायला एक घर होतं. मालकीणबाई बोलक्या. आल्या आल्या त्यांनी चहा टाकला, खुर्च्या ओढल्या आणि टेबलावर तीन कप मांडले.

"आम्ही दोघंच आहोत," मास्तर म्हणाले.

"अगंबाई! मग ते? दुपारीच पाण्याकडे गेले ना ते, पायघोळ करड्या झग्यातले. मी हाक मारली, चहा घेऊन जा म्हटलं, पण बोलले नाहीत. मला वाटलं, तेही पाखरंवाले, तुम्हीही पाखरंवाले, एकत्रच असाल."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने कप हळूच खाली ठेवला होता. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं, पण भीती नव्हतीच. जुन्या ओळखीचं कुणी अवचित जवळ असल्याचं कळावं, तसा तो चेहरा झाला होता.

"कोण आहे तो?" मालकीणबाई आत गेल्यावर मास्तरांनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"झगा आमच्या दुकानातला, आणि तुला माहीत नाही?"

"अहो, एक दिवस तरी तो संशय घरी ठेवून यायचात," ती म्हणाली. एरवी हे ती हसून म्हणायची. आज हसली नाही.

दिवस कलल्यावर दोघं लपणीत जाऊन बसले. लपण म्हणजे काठावरची लाकडी खोपटी, वरून बोरू टाकून झाकलेली, पुढे डोळ्यांपुरती फट. आत ओल्या फळ्यांचा आणि कुजक्या गवताचा वास. बराच वेळ काहीच झालं नाही. मास्तरांच्या पायाला मुंग्या आल्या. मग लांबून आवाज यायला लागला. आधी वाटलं, कुठेतरी बिनतेलाची चाकं करकरतायत. आवाज वाढत गेला, वरून आला, चहूकडून आला, आणि मग आकाशातून लांब पाय खाली सोडून क्रौंच उतरायला लागले. उतरतायत, उतरतायत, संपतच नाहीत. बघता बघता उथळ पाणी करड्या पाठींनी भरून गेलं. बायकोच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. तिला इतकं सुखात मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते बघवलं नाही.

म्हणून त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. आणि तो दिसला.

पाखरांच्या मधोमध तो उभा होता. करडा झगा, तोंडावर जाळी, उजव्या हाताला चोच. पाखरं त्याच्या अंगाला घासून जात होती, एकही बुजत नव्हतं. मास्तरांची नजर आधी कापडावर गेली. उजवी बाही डावीपेक्षा सैल, खांद्याला दुहेरी शिवण. त्यांचंच काम. पण झग्याची कड पाण्यात बुडलेली होती आणि कापड वर ओलं चढलं नव्हतं. कापड म्हटलं की ते पाणी ओढणारच. हे थेंबभरही ओढत नव्हतं.

"डॉक्टर ना तो?" मास्तर कुजबुजले.

"शूऽऽ..." तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "पाखरांपुढे... बोलू नका."

त्याच क्षणी त्या झग्याने मान वळवली. जाळीआड डोळे दिसणं शक्य नव्हतं. तरी मास्तरांनी दुर्बीण खाली घेतली.

खोलीवर आल्यावर जेवणात कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी तीच बोलायला लागली.

"केंद्रात असं व्हायचं कधीकधी. आत कामावर दोघं असलो, तर झगे तीन दिसायचे."

"म्हणजे?"

"एक जास्तीचा. पिल्लांमध्ये फिरायचा, दाणे टिपून द्यायचा. पिल्लं आमच्याआधी त्याच्याकडे धावायची. विचारणार कसं? झग्यात बोलायचं नाही. आणि बाहेर येऊन विचारलं, तर जो तो म्हणायचा, मी नव्हतो बाई. मग आम्ही विचारणंच सोडून दिलं. कामाला हात लागतोय ना, मग कशाला?"

"आणि तुला भीती नाही वाटली?"

"नाही. खरं सांगू? त्याच्याजवळ बरं वाटायचं. तो कधी काही विचारायचा नाही."

मास्तर हं म्हणाले आणि कूस वळवली. त्यांचं डोकं मात्र फिरकीसारखं फिरत होतं. काय पण कथा रचली आहे! म्हणे जास्तीचा झगा. अहो, जास्तीचा झगा म्हणजे डॉक्टर! केंद्रात असताना याच सोंगाखाली भेटायचे, आणि आता इथे यायचं ठरवून आलेत. दोन झगे, तोंडं झाकलेली, पाखरांसाठी म्हणून बोलायची बंदी. यापेक्षा सोयीचं काय असतं? आणि या सोयीचं कापड बेतलं कुणी, तर आपण!

मग त्यांना युक्ती सुचली, आणि ती सुचली तेव्हा ते स्वतःवरच खूश झाले. हिचा झगा आपण घालायचा. डॉक्टर समजणार हीच आली. जवळ येईल, हात धरेल, तेवढ्यात गचांडी पकडायची. हातच्या काकणाला आरसा कशाला!

फटफटायला लागलं तेव्हा ती गाढ झोपेत होती. मास्तरांनी पिशवीतून झगा काढला, अंगात चढवला, त्यात गुंडाळलेली चोच उजव्या हाताला बसवली, जाळी ओढली आणि बाहेर पडले. तळ्यावर धुकं होतं. पाखरं एका पायावर उभी, अजून पेंगत होती. मास्तर पाण्यात उतरले. गार पाणी पोटरीपर्यंत आलं, चिखलाने पाय धरले. जाळीतून जग बारीक चौकटींचं दिसत होतं, आणि कापडाला अजून पिल्लांचा, दाण्यांचा वास होता. पाखरांनी त्यांना वाट दिली.

तो कालच्याच जागी होता.

मास्तर थांबले. तो हळूहळू जवळ आला. त्याच्या पायांनी पाणी वाजत नव्हतं. अगदी पुढ्यात येऊन त्याने चोच वाकडी करून मास्तरांना न्याहाळलं, आणि मग डावा हात उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला. आता पकडावं, असं मास्तरांच्या मनात आलं, पण हात हलेना. कारण त्याची बोटं खांद्यावरून मानेकडे गेली, तिथे टेकली. मग खांद्यावरून मनगटापर्यंत उतरली. मग पाठीवरून कमरेपर्यंत. मग छातीभोवती. सावकाश, नेमकी, कुठे दाब नाही.

तो माप घेत होता. आधी खांदा, मग बाही, मग पाठ, मग छाती. मास्तर स्वतः घ्यायचे त्याच क्रमाने.

डॉक्टरला काय ठाऊक मापाचा क्रम? त्यांनी जाळीत निरखून पाहिलं. आत अंधार होता, आणि श्वासाने जाळी हलत नव्हती.

तेवढ्यात काठावर चाहूल लागली. बायको आली होती. अंगावर शाल, पाय अनवाणी. जागी झाल्यावर पिशवीतला झगा आणि अंथरुणातला नवरा, दोन्ही जागेवर नाहीत, म्हटल्यावर तिने काय ते ओळखलं असणार. ती तशीच पाण्यात शिरली, आणि थोड्या अंतरावर येऊन उभी राहिली. समोर दोन झगे. दोन्ही सारखे.

तिने याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. पाखरांपुढे ती बोलणार नव्हती, तो कायदा तिच्या हाडांत मुरलेला होता. ती नुसती वाट बघत होती. आपला माणूस काहीतरी खूण करील, म्हणून. तिची नजर परत मास्तरांवर आली आणि तिथे थांबली. अगदी जाळीतून आत बघत असल्यासारखी.

एक शब्द पुरला असता. शब्दही नको, नुसता हात हलवला असता तरी चाललं असतं.

आणि ऐका आता, या माणसाचं दुर्दैव ऐका. समोर काय उभं आहे ते माहीत नाही, आणि तरी त्या घडीला जुनं दुखणं उफाळून आलं. मास्तरांच्या मनात आलं, बघू या. आता कळेलच. बघू या ही कुणाकडे जाते ते.

ते गप्प उभे राहिले.

दुसऱ्या झग्याने हात पुढे केला. साधासा, थकलेला माणूस घरी जायला निघताना करतो तसा. बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ती गेली, त्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला, आणि कायदा विसरून ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली. एवढ्या शांततेत मास्तरांना ते स्पष्ट ऐकू आलं. "चला, घरी जाऊ. मी रागावले नाही."

"अगंऽऽ!" मास्तर ओरडले. "मी इथे आहे! इकडे!"

आणि सगळं तळं एकदम उठलं. हजारो पंख, हजारो गळे. कानठळ्या बसल्या, तोंडावर पाणी उडालं, धुकं फाटून पुन्हा मिटलं. मास्तर ओरडत होते, पण त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हता. चिखलातून पाय उपटत ते पुढे धावले, पडले, उठले. पाखरं वर जाऊन लांब गेली तेव्हा पाण्यावर कुणीच नव्हतं. ऊन वर येईपर्यंत ते हाका मारत काठाकाठाने शोधत फिरले.

त्यांनी झगा ओरबाडून काढला, तिथेच टाकला, आणि भिजलेल्या अंगाने घराकडे पळत आले. मालकीणबाई अंगणात होत्या. यांना बघून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो... तुम्ही?"

"ती आली का? माझी बायको?"

"आत्ताच तर गेलात... दोघं. पहिल्या गाडीने."

"दोघं कोण?"

"तुम्ही आणि ताई. झगा काढून तुमच्या खांद्यावर टाकलेला. पिशवी तुम्हीच उचललीत." त्या बोलता बोलता घराच्या दाराकडे सरकत होत्या. "ताई किती हसत होत्या. मी म्हटलंसुद्धा, काल किती गप्प होतात, आज कळी खुलली..."

"तोंड कसं होतं त्याचं?" मास्तरांनी विचारलं.

मालकीणबाई मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"फोन द्या," मास्तर म्हणाले. "हात जोडतो तुमच्यापुढे, फोन द्या."

त्यांनी तो लांबूनच टेबलावर सरकवला. नंबर पाठ होता. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग गाडीच्या इंजिनाची घरघर ऐकू आली.

"कोण बोलतंय?" तिचा आवाज हलका, ताजा.

"अगं, मी."

"मी कोण?"

"मी गं... तुझा नवरा. नीट ऐक. तुझ्या शेजारी बसलाय तो मी नाही. गाडी थांबव, खाली उतर. मी येतो तिथे, आहेस तिथेच थांब."

तिने विचारलं, अगदी हळू, फोन तोंडाशी धरून, "मग सकाळी पाण्यात हात कुणी पुढे केला?"

"त्याने."

"आणि तुम्ही?"

"मी... मी उभा होतो."

"मी तुमच्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते. बोलला का नाहीत?"

आता खोटं बोलायला हवं होतं. घाबरलो म्हणायचं, घसा बसला म्हणायचं, काहीही म्हणायचं. पण या बाईशी मास्तर कधी खोटं बोलले नव्हते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"म्हटलं बघावं..." मास्तर म्हणाले. "तू कुणाकडे जातेस ते."

गाडी कुठेतरी वळली असावी. इंजिनाचा आवाज बदलला, कुणीतरी खोकलं, खिडकीची काच खडखडली. ती फोनवरच होती.

"ओळखलं," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हीच आहात. असं दुसरं कोण करणार?"

"हो ना! अगं, मग उतर ना खाली! उतरतेस ना?"

तेवढ्यात तिच्या शेजारून एक आवाज आला. मास्तरांचाच आवाज होता तो, अगदी तोच, जरासा घोगरा. पण इतक्या मायेने, मनात काही न धरता, त्यांनी स्वतः तिला आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं.

"कोण आहे गं?"

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.